मुक्कामी गाडीचे दोन डबे

९ नोव्हेंबर

ही डायरी पप्पांना पतसंस्थेनं फुकट दिलेली, तीही मागच्या वर्षीची. डायरीत आज शनिवार आहे, बाहेर रविवार. तरी लिहिणार आहे. विजयाकाकू म्हणाल्या, "मनात येईल ते लिहीत जा दिशा, निदान माझं डोकं तरी खाणार नाहीस." विजयाकाकू आमच्या घरमालकीण, रिटायर्ड शिक्षिका. वरची खोली त्यांनी आम्हा दोघींना दिलीय, मला आणि पूजाला. पूजा माझी चुलत बहीण, माझ्याहून आठ महिन्यांनी मोठी. आठ वर्षांनी मोठी असल्यासारखी वागते. दोघी बारावी सायन्सला. गाव पारनेर तालुक्यात, कॉलेज नगरला.

दिवाळीची सुट्टी संपवून आज परत आलो. मी चार गोष्टी आणल्या आणि दहा विसरले. निघताना तात्यांनी दोन नवे डबे दाखवले, स्टीलचे, चार कप्प्यांचे, अगदी सारखे. तात्या म्हणजे आमचे आजोबा. म्हणाले, "दोनी सारखेच घेतलेत, कुनी म्हनायला नको." कुणी म्हणजे कोण, ते काही सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या घरात डब्यांना काय तोटा! जुना डबा चांगला आहे की, तात्यांचंच नाव घातलेला.

१२ नोव्हेंबर

आज दोन डबे आले.

नीट लिहिते. आमच्या गावात रात्री एसटी मुक्कामाला असते. ती सकाळी साडेसहाला निघते, सव्वाआठला नगरच्या स्टँडवर येते आणि ड्रायव्हरशेजारी गावातल्या पोरापोरींचे डबे असतात. आमचा एकच मोठा डबा असायचा. गेल्या जूनपासून एकच. मोठी आई पहाटे उठून सहा भाकरी, भाजी, ठेचा बांधते आणि आम्ही दोघी एकाच झाकणात कालवून खातो. मोठी आई म्हणजे पूजाची आई, माझी चुलती. घरातलं रांधणं तिचं. माझी आई अंगणवाडी सेविका, तिच्याकडे रजिस्टरं, दाखले, फॉर्म, दवाखाना, सगळ्या घराची कागदपत्रं. भाकरीचा आणि आईचा संबंध फक्त खाण्यापुरता.

तर आज दोन पिशव्या. मरून पिशवीवर चिठ्ठी "पूजा", हिरवीवर "दिशा". दोन्ही चिठ्ठ्यांवर अक्षर आईचंच. पूजाच्या डब्यात पापुद्रा सुटलेल्या दोन भाकरी. माझ्या डब्यात दोन जाडजूड, एका बाजूनं करपलेल्या. भाकरी कसली, जात्याचं पाळूच!

घरी फोन केला. आई म्हणाली, "अगं, एका डब्यात मावत नव्हतं." सहा भाकऱ्या आजवर मावत होत्या, आज चार मावेनात?

१३ नोव्हेंबर

मला कळलं. चूक माझी आहे.

भाऊबीजेला मामा आला होता. सगळे जेवायला बसलेले. मामा आईचं नाव घेऊन म्हणाला, सत्यशीला आता तरी स्वैपाक शिकली का नाही? आणि मी, माझी जीभ कुठे जाते जळायला, म्हणाले, "आईच्या हातचं खायचं तर आधी नवस बोलावा लागतो. मोठी आई आहे म्हणून आम्ही जगलो." सगळे हसले. आईपण हसली. मोठी आई मात्र नाही हसली, ताट घेऊन आत गेली. त्या वेळी वाटलं, लाजली असेल.

आईला लागलं असणार. म्हणूनच ठरवलं असेल, माझ्या पोरीचा डबा मी करीन. ती तशीच आहे, बोलत नाही, करून दाखवते. पूजाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तसंच असंल." मग पुस्तकात तोंड घातलं.

२० नोव्हेंबर

आता खरं लिहिते, इथे कोण वाचतंय? माझा स्वतःचा डबा आहे हे मला आवडतंय. करपलेला का असेना, माझा. आयुष्यात पहिल्यांदा वांग्याची भाजी वाटून घ्यावी लागली नाही. घरी नऊ माणसं, कधी कुठली वस्तू माझी नव्हती. कंगवा नाही, चादर नाही, आईसुद्धा नाही, ती सगळ्या गावाची. खालचं काकूंचं घर बघितलं की मजा वाटते. फ्रिजमध्ये शामकांतकाकांचा कप्पा वेगळा. काका स्वतःचा कप स्वतः विसळतात आणि काकूंनी चहा दिला की थँक्यू म्हणतात. स्वतःच्या बायकोला! आमच्याकडे पप्पा आईला थँक्यू म्हणाले तर आई त्यांचा ताप बघेल.

पण मग डबा उघडला की पूजाकडे बघवत नाही. तीही तिचा डबा भिंतीकडे तोंड करून उघडते. आज मीच म्हटलं, "कालव एकत्र." तिनं पटकन झाकण पुढे केलं. माझी जाड भाकरी तिनं घेतली आणि तिची मला दिली. "मला जाड आवडती," म्हणाली. खोटारडी.

२ डिसेंबर

आईनं आज फोनवर डोकं फिरवलं. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय. माझा फॉर्म तिनं दिवाळीतच भरून दिलाय, तरी अर्धा तास सांगत होती. "नाव आधार कार्डावर हाय तसंच लिव्ह. रहिवासाचा दाखला मागचा चालंल. आनि उत्पन्नाचा दाखला आबांच्या नावचा लागंल, तो माझ्या कपाटातच राह्यलाय. झेरॉक्स पाठवते डब्यातनं. असू दे तुझ्याजवळ."

आबा म्हणजे पूजाचे पप्पा, माझे मोठे चुलते, मच्छिंद्र. त्यांच्या दाखल्याचं मी काय लोणचं घालू? तसं म्हटलं तर आई म्हणाली, "तुला सांगितलंय तेवढं कर. फोन स्पीकरवर हाय का?" स्पीकरवरच होता, मी केस विंचरत होते. पूजा समोर वही घेऊन सगळं लिहून घेत होती. मी म्हटलं, तू काय लिहितेस? म्हणाली, असंच.

३ डिसेंबर

झेरॉक्स आली, प्लास्टिकच्या पिशवीत, शेंगदाण्याच्या चटणीखाली. पूजा म्हणाली, माझ्याकडे ठेवते. ठेव बाई.

पण एक विचारायचं राहिलं. पूजाचे फॉर्म पहिलीपासून आईनंच भरलेत. मग यंदा पूजा स्वतः का फोन करत नाही तिला?

१४ डिसेंबर

रविवार. घरी जायचं म्हणत होते तर पप्पांचा फोन, "येऊ नको, अभ्यास कर." दोन्ही घरांतून तेच. हे बघा, काय लिहिलं मी, दोन्ही घरांतून. घर एकच आहे.

काकूंच्या झाडाची लिंबं काढत होतो. आम्ही रिकामा डबा कधी परत पाठवत नाही, मोठ्या आईची शिस्तच आहे, रिकामं भांडं घरात यायचं नाही. काही नसलं तर चार लिंबं. काकूंनी विचारलं, हल्ली दोन डब्यांत दोन-दोन लिंबं का? मी सांगितलं. काकू चटकन म्हणाल्या, "वेगळे झाले असतील गं तुमच्याकडे."

मी इतकी चिडले! म्हटलं, आमच्याकडे तसलं काही नसतं काकू, आम्ही एकत्र आहोत. काकू शांतपणे म्हणाल्या, "आम्ही चौऱ्याण्णवला झालो वेगळे. माझी जाऊ पलीकडच्या गल्लीत राहते. वेगळे झालो म्हणून अजून एकमेकींशी बोलतो. नाहीतर मी तिचं तोंड पाहिलं नसतं." आणि हसल्या. यात हसण्यासारखं काय आहे?

पूजा लिंबं मोजत होती. चारच होती, तरी मोजत होती.

१५ डिसेंबर

पूजाला सगळं माहीत होतं. दिवाळीपासून!

आज सरळ विचारलं तर रडायला लागली. आबांना रस्त्याकडेच्या रानात घर बांधायचंय, विहिरीच्या मोटारीच्या पाळीवरून आबा आणि पप्पांची जुंपली, एकमेकांना नको ते बोलले. आमची सुट्टी संपेपर्यंत थांबले आणि आम्ही एसटीत बसल्यावर दुसऱ्याच दिवशी ओसरीत पत्रा ठोकला. पत्र्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. तात्या एक महिना इकडे जेवतात, एक महिना तिकडे. आई आणि मोठी आई एकमेकींशी बोलत नाहीत. आबांनी पूजाला बजावलंय, काकीला, म्हणजे माझ्या आईला, फोन करायचा न्हाई.

"मला का नाही सांगितलंस?"

"काकीनंच सांगितलं हुतं. म्हनली, दिशाला कळलं तर ती रडत बसंल, आन् तुझाबी अभ्यास बुडवंल. तू समजूतदार हायेस."

माझी आई. विश्वास पूजावर. मी दिवसभर पूजाशी बोलले नाही आणि मग न बोलण्याचाही कंटाळा आला. खोलीत दुसरं आहे कोण बोलायला?

मला कळत नाही की मला वाईट नक्की कशाचं वाटतंय. पत्र्याचं, की मला शेवटी कळलं याचं. आणि महिनाभर मला माझा वेगळा डबा आवडत होता, त्याचं काय करू?

२७ डिसेंबर

विहीर, मोटार ठीक आहे. पण मोटारीवरून भांडण दर उन्हाळ्यात होतं, पत्रा कधी ठोकला नाही. यंदाच का? कारण भाऊबीजेला मी तसं बोलले. माझ्या बोलण्यानं आईचं मोठ्या आईवरनं मन उडालं, दोघी धरून असत्या तर आबा-पप्पांची काय बिशाद होती? पूजा म्हणते, तू स्वतःला फार मोठी समजतीस. पण ती मला बरं वाटावं म्हणून बोलते.

१० जानेवारी

फार वाईट झालं. आबांचा पूजाला फोन आला. प्रिलियम संपली की अठरा तारखेला, रविवारी, ते टेम्पो घेऊन येणार आणि तिला श्रीगोंद्याला तिच्या मामाकडे नेणार. परीक्षेपर्यंत ती तिकडेच राहणार. "घरचं मानूस तरी हाय तिथं." मग मी कोण आहे? पेपरला मामा रोज मोटारसायकलवरून नगरला आणणार म्हणे. दीड तास जायला, दीड तास यायला, पोरीनं अभ्यास काय हँडलला वही बांधून करायचा?

पूजा कपडे घडी करत बसली. ती घाबरली की घड्या घालते. तिच्या मामाकडे तिला अभ्यासाला जागा नाही, तीन लहान पोरं आहेत आणि मामी तिला कामाला लावते.

आणि मी? पूजा गेली तर माझं फिजिक्स गेलं, हे आहेच. पण खरं कारण लिहायला लाज वाटते. मी आजवर एकटी कधी झोपले नाही. एकदाही नाही. घरी मोठ्या आईच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पूजा. इथे दोन कॉट जोडून. सतरा वर्षांच्या मुलीनं हे कुणाला सांगायचं? काकूंना सांगितलं तर म्हणतील, आमचा अर्णव पाच वर्षांचा असल्यापासून स्वतःच्या खोलीत झोपतो. त्यांचा नातू आहे तो, पुण्याला असतो. इकडे आला की दार लावून बसतो. तो धीट आहे की बिचारा आहे, मला ठरवता येत नाही.

१२ जानेवारी

उपाय सुचलाय. आईला चिठ्ठी लिहिली. फोनवर मला बोलता येत नाही, मध्येच रडू येतं. आईचा राग गेला की ती मोठ्या आईशी बोलेल, त्या दोघी बोलल्या की अठरा तारीख टळेल. चिठ्ठी इथे उतरवून ठेवते:

"आई, भाऊबीजेला मी बोलले ती मस्करी होती. मला तुझ्याच हातची भाकरी आवडते. मोठ्या आईची पातळ असते, पोटच भरत नाही. तुझी एक खाल्ली की दुपारपर्यंत भूक लागत नाही. तू मनातलं काढून टाक आणि पहिल्यासारखी राहा. पूजाला श्रीगोंद्याला पाठवू देऊ नका. मी एकटी कधी झोपले नाही. तुझी दिशा."

भाकरीचं खोटं आहे. पण आईला बरं वाटेल.

डबे धुऊन पालथे घातले होते. माझ्या डब्याच्या वरच्या कप्प्यात चिठ्ठी ठेवली, तेवढ्यात खाली गॅसवाला आला आणि काकूंनी हाक मारली. वर येऊन दोन्ही डबे पिशव्यांत भरले, लिंबं टाकली आणि पळत स्टँडवर. संध्याकाळची गाडी मिळाली बाई एकदाची.

१३ जानेवारी

अरे देवा. अरे देवा.

सकाळी पूजानं मरून पिशवीतला तिचा डबा उघडला आणि म्हणाली, "हा तर तुझा डबा हाय. ह्याला खाली पोचा हाय." मी उलटा करून बघितला. खरंच पोचा आहे, मीच स्टँडवर पाडला होता. म्हणजे काल मी डबे पिशव्यांत उलटसुलट भरले. म्हणजे चिठ्ठी मोठ्या आईकडे गेली.

मोठी आई पातळ भाकरी करते कारण लहानपणी मला जाड गिळायची नाही. सतरा वर्षं माझ्यासाठी वेगळी पातळ थापायची. आणि मी लिहिलंय, पोटच भरत नाही.

पूजाला चिठ्ठी सांगितली. ती म्हणाली, "आईला वाचता कुठं येतंय?" दुसरीत शाळा सोडलेली, सही करते फक्त. जरा जीव भांड्यात पडला. मग लक्षात आलं, आबांना वाचता येतं. आबांनी वाचली तर अठरा कशाला, उद्याच टेम्पो येईल.

१४ जानेवारी

मोठ्या आईचा फोन आला. आज संक्रांत. मला! दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"दिशे, चिठ्ठी मिळाली गं बाई. सत्यशीलेकडनं वाचून घेतली."

वाचली तीही आईनं, आणि मोठ्या आईसमोर मोठ्यानं! मी म्हटलं, मोठे आई, मी तसं...

"येडी का काय तू? एवढ्याशा भाकरीपायी कुनी रडतं व्हय? लिवलंस पन झ्याक. आईच्या भाकरीनं पोट भरतंय, पन मोठे आई, तुझ्याबिगर मन न्हाई भरत. ऐकून मला तर बाई घासच उतरंना. सत्यशीलाबी डोळं पुसत हुती. भाऊबीजेला मामापुढं तू म्हनलीस, मोठी आई हाय म्हनून जगलो, तवाच मला वाटलं हुतं, पोरीच्या तोंडनं गेलं, आता तिच्या आईला काय वाटंल. तीबी न्हाई बोलली, मीबी न्हाई बोलले. ऱ्हाऊ दे. पूजा तिथंच ऱ्हाईल परीक्षा हुईस्तोवर. मी आबाला सांगितलंय. एकटी झोपायची न्हाईस तू."

एकटी झोपायचं तेवढं माझं आहे. बाकीचं मी लिहिलंच नव्हतं! मन न्हाई भरत वगैरे मला सुचतच नाही, मला निबंधात दहापैकी पाच पडतात. डायरी उघडून चिठ्ठी परत वाचली. नाहीच.

पूजा वेगळ्याच विचारात. म्हणाली, "पन आबा तर घरातच हुते ना त्या टायमाला. मग आई पत्र्याच्या पल्याड काकीकडं कशाला गेली चिठ्ठी घेऊन?"

मला काय माहीत?

१८ जानेवारी

रविवार. टेम्पो आला नाही. पूजानं घडी केलेले कपडे परत खुंटीला लावले. आम्ही दोन तास फिजिक्स केलं.

पत्रा तसाच आहे. आबांचं घर रस्त्याकडेच्या रानात होणार म्हणजे होणार. डबे दोनच येतात. तात्या या महिन्यात तिकडे जेवतात. मला वाटत होतं, सगळं परत एक होईल. झालं नाही. पण आज पूजाच्या डब्यात आईच्या अक्षरात हॉल तिकिटाबद्दल लिहिलेला कागद होता आणि माझ्या डब्यात मोठ्या आईचे तिळाचे लाडू. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, बघ, म्हटलं नव्हतं? काय म्हटलं होतं त्यांनी, मला आठवेना. वेगळं होणं चांगलं की वाईट, हे त्या एकदा नीट का सांगत नाहीत?

२० जानेवारी

आईला फोन केला. विचारलं, "तू मोठ्या आईला काय वाचून दाखवलंस?"

"जे लिवलं हुतं ते."

"मी तसं नव्हतं लिहिलं आई."

"अक्षर सुधार जरा. कोंबडीचे पाय हायेत नुसते." मग गायीला वैरण टाकायचीय म्हणाली. पण फोन ठेवला नाही. तिकडे मोठ्या आईचा आवाज आला, कुणाला तरी ओरडत होती, पत्र्यामुळे बारीक.

मग आई हळूच म्हणाली, "दिशा, खरंच दुपारपर्यंत भूक लागत न्हाई का गं?"

मी लगेच म्हटलं, "नाही लागत. खरंच."

"बरं," म्हणाली आणि ठेवला.

२१ जानेवारी

आज माझ्या डब्यात दोनऐवजी तीन भाकरी. तिन्ही जाड, एक कच्ची. पूजानं हात पुढे केला, "दे एक मला." दिली नाही. तिन्ही मीच खाल्ल्या.